उजनीच्या काठावर जुन्या लाकडी होडीची मोठी दुरुस्ती

उजनी जलाशयावर ज्यांची जुनी लाकडी होडी आहे, त्यांनी ती दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर कधी काढायची हे आधी ठरवावे, कारण निम्मे काम त्यावर अवलंबून असते. मे महिन्यात पाणी खूप मागे हटते आणि उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर वरून भेगा दिसत असल्या, तरी खालचा गाळ मऊच असतो. त्यावर ट्रॅक्टर आणला तर चाके रुततात आणि होडी मध्येच अडकते. म्हणून पाणी मुरमाड उताराला टेकलेले असतानाच होडी ओढून घ्यावी आणि पावसाळ्यात पाणी जिथवर चढते त्या खुणेच्या वर ठेवावी. पुणे जिल्ह्यातील धरणांतून विसर्ग सुरू झाला की उजनीची पातळी झपाट्याने वाढते, तेव्हा निष्काळजीपणे ठेवलेली होडी रात्रीतून वाहून जाऊ शकते.

ओढण्यापूर्वी इंजिन, जाळी, नांगर आणि तळातले पाणी काढून टाकावे. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन, आणि ते जुन्या फळ्यांवर अकारण पडते. दोर केवळ नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) कडीला बांधू नये, कारण जुन्या लाकडातून कडी उपटून येते. तो होडीच्या अंगाभोवती खालून घ्यावा आणि जिथे तो लाकडावर घासेल तिथे गोणपाट गुंडाळावे. तळाखाली गोल ओंडके किंवा जाड पाईप सरकवत, चेन-कप्पीने सावकाश ओढणे सर्वांत सुरक्षित. ताणलेला नायलॉनचा दोर तुटला तर चाबकासारखा परत येतो, म्हणून त्याच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये.

वर आल्यावर होडीचा भार तळाच्या मधल्या कण्याखालील ठोकळ्यांवर ठेवावा. बाजूंना लावलेल्या टेकूंनी ती फक्त सावरायची असते. त्यांच्यावर वजन पडले तर फळ्या आत दबतात.

यानंतर मात्र सोलापूरच्या उन्हाचा विचार करावा लागतो, आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर होते. पारा चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या या भागात उघड्यावर ठेवलेले लाकूड भराभर वाळते, आकसते, आणि ज्या फळ्या पाण्यात घट्ट बसल्या होत्या त्यांच्यामध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडतात. त्या पाहून घाबरून कापूस ठोकून ठोकून भरला, तर होडी पुन्हा पाण्यात गेल्यावर फुगणाऱ्या फळ्यांना जागाच उरत नाही आणि खिळे उपटतात किंवा फळी तडकते. यासाठी होडीवर पाचटाचा मांडव घालावा आणि ज्या भागाचे काम चालू नाही तिथे ओले गोणपाट टाकावे. लाकूड सावलीत हळूहळू सुकू द्यावे.

तपासणीसाठी बारीक टोकाचा पोगर (सुतारकामातला टोच्या) पुरेसा आहे. कण्याजवळ, खिळ्यांभोवती आणि जिथे तळात पाणी साचून राहते तिथे तो हलक्या हाताने टोचावा. निरोगी सागवान त्याला अडवते, कुजलेल्यात तो लोण्यात शिरावा तसा जातो. खिळ्याभोवती काळा डाग असेल तर लोखंड गंजून लाकूडही खराब झाले आहे असे समजावे. असा भाग वरून लांबी (पुट्टी) लावून झाकू नये, कापूनच काढावा आणि नव्या फळीचा जोड बरगडीवर, म्हणजे फळ्यांना आतून धरणाऱ्या आडव्या लाकडावर, घ्यावा.

फटींतील जुना कापूस आकड्याने पूर्ण काढून, पीळ नसलेली कापसाची लांब वात हलक्या हाताने बसवावी. सोलापुरात कापसाच्या सुताचा तुटवडा नाही, परंतु पिळाचे सूत या कामाला चालत नाही, ते फटीत नीट पसरत नाही. त्यावर राळ आणि जवसाचे तेल मंद आचेवर एकत्र करून भरावे. हे मिश्रण सहज पेट घेते, म्हणून चूल होडीपासून आणि मांडवापासून दूर ठेवावी.

तळाचे काम उरकल्यावर होडी काठालगत उथळ पाण्यात बांधून एक-दोन दिवस फुगू द्यावी. सुरुवातीला थोडे पाणी येणारच. ते उपसत राहावे. गळती दिवसागणिक कमी झाली तर काम नीट झाले आहे. ती तशीच राहिली, तर कोणत्या फळीजवळून पाणी येते ते पाहून होडी पुन्हा वर घ्यावी. तळात पाणी असलेली होडी वाऱ्याने कलली की ते सगळे पाणी खालच्या बाजूला धावते आणि तिला सावरू देत नाही. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला, हे या जलाशयावर होडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून गळती थांबेपर्यंत होडीत प्रवासी घेऊ नयेत, आणि दुरुस्तीच्या खर्चातच प्रत्येक आसनामागे एक लाइफ जॅकेट धरावे.