गावात राहून ग्राफिक डिझाइन शिकायचंय? मग आधी अक्षर शिका

तालुक्याच्या गावात डिझाइन शिकणारी बहुतेक मुलं मोबाइलवरच्या पिक्सलॅबपासून सुरुवात करतात, मग कोरलड्रॉकडे वळतात. टूल्स हाताला लवकर बसतात. गाडी अडते ती अक्षरापाशी. आपल्याकडे येणारं काम बघा: लग्नपत्रिका, कृषी केंद्राचा बोर्ड, वाढदिवसाचा फ्लेक्स, शंकरपटाचं (बैलांच्या शर्यतीचं) पोस्टर, झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकाची जाहिरात. या सगळ्यांत मराठी मजकूर भरपूर असतो आणि तो नीट बसला नाही, तर कितीही भारी बॅकग्राउंड लावा, काम कच्चंच दिसतं.

म्हणून नजर तयार करायची ती अक्षरांवर. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकं शोधून बघा. नाटकाचा स्वभाव ते अक्षराच्या वळणातच उतरवत. र. कृ. जोशींचं काम बघा. विंडोजसोबत येणारा मंगल हा फॉन्ट त्यांनीच घडवला. अच्युत पालवांची सुलेखनं बघा. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं रंगांसाठी अभ्यासा. आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला गेलात, तर झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची पोस्टरं थांबून वाचा. दिवाळीनंतर मंडईचा (तिकडच्या गावजत्रांचा) हंगाम सुरू झाला, की ती गावोगाव लागतात. एका कागदावर नाटकाचं नाव, डझनभर चेहरे, गाव, तारीख, आयोजक मंडळ, तिकीट, एवढं सगळं कोंबलेलं असतं. त्यातलं नेमकं काय आधी दिसतं आणि काय हरवतं, हे वहीत लिहून काढा. मांडणी शिकायला याहून चांगला वर्ग तालुक्यात मिळणार नाही.

सोबत हाताचा सराव हवाच. बांबूची कामटी तिरकी कापून ५ मिमी रुंदीचं टोक करा, शाई साधी चालेल. अक्षराची उंची टोकाच्या रुंदीच्या पाचपट धरा आणि लेखणीचा कोन सबंध ओळीत बदलू देऊ नका. आधी नुसते उभे दांडे, मग ग, म, न, मग व, ब, क. जाड-बारीक रेषा कुठून येते, हे एकदा हाताला कळलं, की फॉन्ट निवडताना डोळा आपोआप चुका पकडतो.

आता कॉम्प्युटरवर. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार लागतात. इंग्रजीच्या हिशोबाने ओळींतलं अंतर ठेवलं, तर ‘कृपया’ची ऋकाराची शेपटी खालच्या ओळीतल्या ‘विद्यार्थी’च्या रफारावर जाऊन आदळते. त्यामुळे ३० पॉइंटच्या अक्षराला निदान ४२ ते ४५ पॉइंटचं अंतर द्या. अक्षरांमधली जागा तर वाढवूच नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो.

‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत आहेत, युनिकोड आहेत, म्हणजे त्यांतला मजकूर कुठल्याही मशीनवर मराठीच राहतो. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हवा असेल, तर तिरो देवनागरी मराठी घ्या. छापखान्यांत मात्र श्रीलिपी आणि कृतिदेव अजून चालतात, तेही यायला हवेत. या जुन्या फॉन्टची फाइल दुसऱ्या मशीनवर फॉन्ट नसताना उघडली, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फाइल पाठवताना मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाका, आणि दुरुस्तीसाठी कर्व्ह न केलेली प्रत स्वतःकडे ठेवा. फोटोशॉपमध्ये ‘र्थि’ किंवा ‘क्ष’ फुटत असेल, तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा. सॉफ्टवेअर विकत घेणं परवडत नसेल, तर इंकस्केप आणि फोटोपीवर शिका. चोरीच्या कॉपीपेक्षा ते कधीही बरं.

फ्लेक्सचं गणित पक्कं हवं. १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला (एका इंचात ७२ पिक्सेल) ८,६४० बाय ६,९१२ पिक्सेल होतो, आणि सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, उघडी फाइल २३० एमबीच्या आसपास जाते. यापेक्षा जास्त डीपीआय ठेवून काही मिळत नाही, मशीन तेवढं रखडतं. पाठवताना चांगल्या क्वालिटीचा जेपीईजी पुरतो. चारही बाजूंनी ४ इंच जागा मोकळी ठेवा. फ्लेक्स लाकडी फ्रेमवर वळवून ठोकतात, तेव्हा काठावरचा मोबाइल नंबर मागे जातो. अक्षराची उंची ठरवताना १० फुटांच्या अंतराला १ इंच धरा. रस्त्यापलीकडून, म्हणजे ५० फुटांवरून वाचायचं नाव निदान ५ इंचाचं हवं.

सगळ्यात जास्त घोटाळा फोटोंचा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसून येतो. १,६०० पिक्सेलचा फोटो ४ फुटांवर ताणला, तर जेमतेम ३३ डीपीआय उरतो आणि चेहरा पुसट होतो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, असं गिऱ्हाइकाला पहिल्याच फोनवर सांगा.

पत्रिका आणि हँडबिलचे नियम वेगळे: ३०० डीपीआय, कटिंगसाठी चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जास्तीची पार्श्वभूमी. बारीक मजकूर फक्त १०० टक्के काळ्यात ठेवा. चार रंगांचा काळा केला आणि छपाईत प्लेट केसभर सरकली, तरी अक्षराला रंगीत किनार येते. स्क्रीनवर चमकणारा पोपटी रंग कागदावर मळकट उतरतो, तेव्हा गिऱ्हाइकाला मोबाइलवरचा रंग कबूल करू नका.

पैशांचं बोलणं आधीच करा. छपाई चौरस फुटावर, डिझाइनचे पैसे वेगळे, दोन दुरुस्त्या त्यात धरून. छापायला सोडण्याआधी प्रूफवर (तपासणीच्या नमुन्यावर) नावं, तारीख, वार आणि मुहूर्ताची वेळ गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घ्या आणि होकार लेखी मेसेजमध्ये मागा. पत्रिकेत आजोबांचं नाव चुकलं, तर सगळा गठ्ठा पुन्हा छापावा लागतो, आणि लेखी होकार नसेल तर तो खर्च डिझायनरच्या अंगावर येतो.