संगणकशास्त्रज्ञावर मृत्युलेख लिहिताना : डेनिस रिची यांचे उदाहरण

संगणकक्षेत्रातील एखादी अग्रणी व्यक्ती निवर्तली की महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी, दैनिकाच्या पुरवणीसाठी किंवा विभागातल्या शोकसभेत वाचून दाखवण्यासाठी चार शब्द लिहिण्याचे काम कोणावर तरी येते, आणि ते बहुधा एका रात्रीत उरकायचे असते. गायक किंवा राजकारणी गेला तर त्याचे काम वाचकाला आधीच ठाऊक असते. संगणकशास्त्रज्ञाचे काम मात्र वाचक दिवसभर वापरतो आणि त्याचे नाव मृत्यूच्या बातमीतच पहिल्यांदा ऐकतो. त्यामुळे अशा लेखात शोकाला थोडी आणि कामाला पुष्कळ जागा द्यावी लागते. हे कसे साधावे ते सांगण्यासाठी सी या प्रोग्रामिंग भाषेचे कर्ते डेनिस रिची यांचे उदाहरण घेतो, कारण लेखकाचा पाय घसरावा अशा जवळजवळ सगळ्या जागा त्यांच्या चरित्रात एकत्र सापडतात.

सुरुवात तारखांपासून करावी. रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील घरी ते मृतावस्थेत आढळले आणि त्यांचे जुने सहकारी रॉब पाइक यांनी ही बातमी जाहीर केली. रिची एकटे राहत असत. त्यामुळे आढळल्याची तारीख आणि मृत्यूची तारीख एकच धरून ‘१२ ऑक्टोबरला निधन’ असे लिहिणे बरोबर नाही. ‘आढळले’ हे क्रियापद कोरडे वाटले तरी तेच ठेवावे. आजाराविषयी नातेवाइकांनी जेवढे सांगितले असेल तेवढेच लिहावे, आणि ते गाळले तरी लेखाचे काही बिघडत नाही.

दुसरी खबरदारी नावाआधीच्या ‘डॉ.’ची. आपल्याकडे विद्वान माणूस म्हटला की ही उपाधी आपोआप चिकटते. रिची यांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी १९६८ साली प्रबंध लिहून पूर्ण केला होता, पण त्याची बांधणी केलेली प्रत रीतसर जमा केली नाही आणि पीएचडी त्यांना मिळाली नाही. म्हणून त्यांना ‘डॉ. रिची’ म्हणू नये. ही हकीकत मात्र लेखात अवश्य घ्यावी, कारण तिच्यातून माणसाचा स्वभाव चार विशेषणांपेक्षा अधिक कळतो. पुरस्कारांची यादी एका वाक्यात संपवावी: सहकारी केन टॉम्पसन यांच्यासह १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार (संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान), अमेरिकेचे १९९८ चे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक आणि २०११ चा जपान पुरस्कार. पुरस्कारांवर परिच्छेद खर्च करणारा लेखक बहुधा कामाविषयी लिहिणे टाळत असतो.

आता मुख्य भाग. सगळ्या कामगिरीची जंत्री न देता एकच काम निवडावे आणि संगणक न शिकलेल्या वाचकालाही समजेल इतक्या निगुतीने ते सांगावे. रिची यांच्या बाबतीत ते काम म्हणजे सी भाषा, आणि ती कोणत्या अडचणीतून जन्मली हे सांगितल्याशिवाय तिची थोरवी कळत नाही. रिची जिथे काम करत त्या बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेने १९६९ साली मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या (संगणकाचा सगळा कारभार चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) अवाढव्य प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्यानंतर टॉम्पसन यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर युनिक्स या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची पहिली आवृत्ती उभी केली. त्यांची बी भाषा मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल या भाषेवरून आलेली होती आणि तिच्यात सगळी माहिती एकाच मापाची, म्हणजे यंत्राच्या एका वर्डएवढी (यंत्र एका वेळी हाताळते तेवढ्या तुकड्याएवढी), मानली जाई. पीडीपी-११ हे नवे यंत्र आल्यावर हे गणित बिघडले, कारण त्यात मेमरीतल्या प्रत्येक बाइटला, म्हणजे एका अक्षराएवढ्या जागेला, स्वतःचा पत्ता होता आणि एकेक अक्षर हाताळताना बीची ओढाताण होऊ लागली. रिची यांनी आधी बीमध्ये डेटाचे प्रकार आणले, मग कंपायलर (लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) नव्याने लिहिला, आणि १९७२ च्या सुमारास या डागडुजीतून सी ही स्वतंत्र भाषा तयार झाली. त्याच वर्षी टॉम्पसन यांनी युनिक्सचा गाभा सीमध्ये लिहून पाहिला आणि नाद सोडला. पुढे भाषेत स्ट्रक्चरची, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची माहिती एकत्र बांधण्याची, सोय झाल्यावर १९७३ च्या उन्हाळ्यात तेच काम तडीस गेले.

एवढे लिहून झाले की वाचकाला त्याचा परिणाम सांगावा. असेंब्लीत, म्हणजे त्या त्या यंत्राच्या स्वतःच्या आज्ञाभाषेत, लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम एकाच जातीच्या यंत्राला बांधलेली असते आणि ते यंत्र कालबाह्य झाले की तीही जाते. सीमध्ये लिहिलेले युनिक्स मात्र १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरडेटा या अगदी वेगळ्या घडणीच्या यंत्रावर चालू लागले. मोह होतो तो इथे ‘उच्चस्तरीय भाषेत लिहिलेली जगातील पहिली ऑपरेटिंग सिस्टीम’ असे ठोकून देण्याचा. ते खोटे आहे: बरोज कंपनीने १९६० च्या दशकातच आपली सिस्टीम अल्गोल या भाषेच्या एका बोलीत लिहिली होती आणि खुद्द मल्टिक्स पीएल/वन भाषेत होती. मृत्युलेखात ‘पहिला’ हा शब्द आला की लिहिणाऱ्याने स्वतःलाच हटकावे. दहांतल्या नऊ वेळा तो काढून टाकावा लागतो.

गुणगान करताना दोषही सांगावा, आणि तो त्या व्यक्तीने स्वतः कबूल केलेला असेल तर उत्तमच. सी शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी एका खोड्यात अडकतो: बिट (माहितीचे ० किंवा १ हे सर्वांत लहान एकक) तपासण्यासाठीचे एकेरी अँड चिन्ह (&) आणि तुलनेचे दुहेरी बरोबरचे चिन्ह (==) एकाच ओळीत आले की कंपायलर आधी तुलना करतो, आणि कंस घातले नाहीत तर उत्तर चुकते. सुरुवातीला ‘आणि’ या तार्किक अर्थासाठीही हेच एकेरी चिन्ह वापरले जाई, तेव्हा हा क्रम योग्यच होता. पुढे त्यासाठी दुहेरी चिन्ह आले, पण एकेरी चिन्हाचे स्थान बदलले नाही, कारण आधी लिहिलेले प्रोग्राम बिघडले असते. ते तेव्हाच बदलले असते तर बरे झाले असते, असे रिची यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले. जपून राहावे म्हणून ज्यांच्यासाठी बदल टाळला ते जुने प्रोग्राम काही शेकडो किलोबाइटचे होते आणि वापरणारी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी. आज जगभरचे प्रोग्रामर तो कंस मुकाट्याने घालतात. असा एक तपशील दिला की ‘विनम्र व्यक्तिमत्त्व’ वगैरे लिहावे लागत नाही.

श्रेयाची वाटणी करताना हात आखडता घेऊ नये. युनिक्सची सुरुवात टॉम्पसन यांची. एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याला जोडणाऱ्या पाइपची कल्पना डग मॅकिलरॉय यांची. १९७८ च्या सी भाषेवरील प्रसिद्ध पुस्तकाचे सहलेखक ब्रायन कर्निगन. त्यातला ‘हॅलो, वर्ल्ड’ असे जगाला अभिवादन करणारा पहिला प्रोग्राम कर्निगन यांच्या आधीच्या लेखनातून आला होता, तर भाषा सर्वस्वी रिची यांची, हे कर्निगन यांनीच वारंवार सांगितले आहे. मराठी लेखकाला आणखी एक मोह होण्यासारखा आहे. आपली देवनागरी अक्षरे ज्या यूटीएफ-८ पद्धतीने, प्रत्येक चिन्हाला तीन बाइट याप्रमाणे, साठवली जातात ती पद्धत १९९२ साली बेल लॅब्जच्याच मंडळींनी रचली. पण ती टॉम्पसन आणि पाइक यांची आहे, रिची यांच्या खाती ती जमा करता येणार नाही.

स्टीव्ह जॉब्ज ५ ऑक्टोबर २०११ रोजी गेले आणि आठवड्याभरात रिची यांची बातमी आली. ही तुलना अनेकांनी केली. तिच्यात तक्रारीचा सूर येतो आणि दोघांपैकी कोणाविषयीच नवे काही कळत नाही. ती टाळावी. संबंध दाखवायचाच असेल तर नेमका दाखवावा: आयफोनची सिस्टीम नेक्स्टस्टेप आणि बीएसडी या दोन जुन्या सिस्टीमच्या मार्फत युनिक्सच्या वंशात येते, तर अँड्रॉइडच्या तळाशी असलेले लिनक्स सीमध्ये, परंतु मुळापासून नव्याने लिहिलेले आहे.

स्वतःची आठवण एका परिच्छेदापेक्षा अधिक नसावी आणि तिच्यात वस्तू दिसाव्यात. आपल्या पिढीतल्या असंख्य मुलांना सी भेटली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकातून आणि टर्बो सी या कंपायलरच्या निळ्या पडद्यावर. जर्नल पूर्ण करण्याची धांदल आणि व्हायवात ठरलेला पॉइंटरचा प्रश्न हे ज्याने अनुभवले आहे त्याने तेच लिहावे. ‘काळाच्या पडद्याआड’, ‘न भरून येणारी पोकळी’ आणि ‘एका युगाचा अस्त’ हे शब्दप्रयोग इतक्या जणांसाठी वापरून झाले आहेत की रिची यांच्यासाठी ते नव्याने झिजवण्याचे कारण नाही.

शोकसभा घ्यायची असेल तर दोन मिनिटे मौन पाळून झाल्यावर प्रयोगशाळेत जावे. पीडीपी-११ ची नक्कल करणारे सिमएच हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि जुन्या युनिक्सचा सोर्स कोड २००२ पासून खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहे. त्यामुळे सहावी आवृत्ती साध्या लॅपटॉपवर चालवता येते. विद्यार्थ्यांना आधी सांगून ठेवावे की तिथे बॅकस्पेस चालत नाही, चुकलेले अक्षर खोडायला हॅशचे चिन्ह आणि सगळी ओळ रद्द करायला ॲटचे चिन्ह वापरावे लागते, आणि डिरेक्टरी बदलायची दोन अक्षरी आज्ञा तेव्हा नव्हती, ‘सीएचडीआयआर’ असे पुरते लिहावे लागे. मग सीमधला एक छोटा प्रोग्राम तिथेच कंपाइल करून दाखवावा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी तर आपली आवृत्तीच अर्पण करावी. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये आलेली फेडोरा १६ ही लिनक्सवर आधारलेली सिस्टीम आणि त्यानंतरची बीएसडीच्या वंशातली फ्रीबीएसडी ९.० या दोन्ही रिची यांना अर्पण केलेल्या आहेत.

राहता राहिले छायाचित्र. सर्वांत जास्त छापले जाते ते पीडीपी-११ समोरचे जुने कृष्णधवल छायाचित्र. त्यात दोघे जण आहेत, दोघेही दाढीवाले. टेलिटाइपसमोर बसलेले ते टॉम्पसन आणि शेजारी उभे आहेत ते रिची. ते छापताना छायाचित्राखालची ओळ नीट तपासावी, आणि फ्रेम करून हार घालायचा असेल तर रिची यांचे एकट्याचे छायाचित्र शोधावे.