'आठ आणे फरक' म्हणजे ५ नव्हे : दुखण्याचं प्रश्नपत्रक भरून घेणाऱ्यांसाठी

निपाणीत विडी वळत बसलेल्या एका मावशींना मी तीन महिन्यांनी परत भेटायला गेले होते. विचारलं, "मावशी, मान आता किती दुखते?" त्यांनी मांडीवरचं सूप जरा सरकवलं, मान सावकाश डावीकडे वळवून बघितली आणि म्हणाल्या, "आठ आणे फरक हाय बघा." मी लगेच ५ ला गोल केला. आठ आणे म्हणजे अर्धं, दहाचं अर्धं पाच.

घरी आल्यावर पहिल्या भेटीचा फॉर्म काढला, तर तेव्हाचा आकडा होता ६. म्हणजे माझ्या फॉर्मप्रमाणे मावशींना जेमतेम एका आकड्याचा आराम पडला होता आणि त्या तर अर्धं दुखणं गेलं म्हणत होत्या. त्यांनी सांगितला होता फरक, मी लिहिलं होतं आताचं दुखणं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि चांगल्या प्रश्नपत्रकात ते वेगळेच विचारलेले असतात. दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचारलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, खानापूर भागात कंबर, मान, गुडघ्याच्या अभ्यासांसाठी घरोघरी फॉर्म भरून घेते. दरवर्षी नवीन मुलं-मुली हाताखाली येतात, त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

प्रश्न ठरल्याप्रमाणेच का विचारायचा, हे आधी मनात पक्कं करा. एका अभ्यासात 'कमी, मध्यम, जास्त' विचारलं, दुसऱ्यात ० ते १००, तिसऱ्यात ० ते १०, तर तिन्हींची बेरीज कधीच होत नाही. म्हणून २००५ मध्ये इम्पॅक्ट या तज्ज्ञगटाने जुनाट दुखण्याच्या औषधांच्या चाचण्यांसाठी मोजमापं सुचवली: दुखण्याला ० ते १० ची पट्टी, शिवाय कामकाज, मनःस्थिती आणि 'एकंदर किती फरक वाटतो' हे रुग्णाचं स्वतःचं मत. अमेरिकेत २०१८ मध्ये एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा 'हील' हा वेदना आणि व्यसनावरच्या संशोधनाचा उपक्रम सुरू झाला. त्यातल्या रुग्णांवरच्या वेदना-अभ्यासांना प्रश्नांचा एक सामाईक संच वापरावा लागतो. प्रश्नाचे शब्द, उत्तराचे पर्याय, संगणकात भरायचा कोड, सगळं आधीच ठरलेलं. तुम्ही खानापुरात एक शब्द बदललात, तर तो फॉर्म त्या मोठ्या ढिगाऱ्यात बसत नाही.

सुरुवात 'पेग' या पट्टीने करा. तीनच प्रश्न, तिन्ही गेल्या आठवड्याबद्दल: सरासरी दुखणं किती, जगण्यातल्या आनंदात त्याचा अडथळा किती, रोजच्या कामात अडथळा किती. प्रत्येकाला ० ते १०, मग तिघांची सरासरी. ८, ७, ६ आले तर ७. पुढच्या भेटीत ४, ५, ३ आले तर ४. सुमारे ३० टक्के घट झाली की रुग्णाला खरोखर फरक पडला असं साधारण धरतात. इथे ७ चे ३० टक्के म्हणजे २.१ आणि घट आहे ३.

हिशेब सोपा आहे, अवघड आहे ती पट्टी समजावणं. आपल्याकडे दहापैकी दहा म्हणजे शाळेतले मार्क. वडगावातल्या माग चालवणाऱ्या एका काकांनी मला ठामपणे ० सांगितलं होतं. "काहीच बरं नाही, शून्य घाला." त्यांची कंबर इतकी धरली होती की मागावरून उठताना ते भिंतीला हात लावत होते. तेव्हापासून मी आधी शिडी दाखवते. खालची पायरी ०, अजिबात दुखत नाही. वरची पायरी १०, याहून जास्त दुखणं सुचतच नाही. आणि बोट त्यांनाच ठेवायला लावते. ही शिडी अभ्यासाच्या सूचनापुस्तकात लिहून घ्या, म्हणजे सगळे एकसारखीच दाखवतील. 'गेला आठवडा' लक्षात येत नसेल तर "मागच्या बाजारापासून" म्हणायचं, तेही पुस्तकात लिहून. ज्याच्या-त्याच्या मनाने नको.

अडथळ्याच्या प्रश्नाला बायका हमखास एक उत्तर देतात: "काम तर करतो की, कोण करणार दुसरं?" आणि बोट ० वर. दुखणं ८, अडथळा ०. फॉर्म चुकलाय असं वाटून तुम्हाला आकडा वर ढकलावासा वाटेल. ढकलू नका. प्रश्न होता तसाच एकदा परत वाचा, परत ० आलं तर ० लिहा आणि शेऱ्याच्या जागी त्यांचे शब्द उतरवा. तुम्ही सोयीचा आकडा घातलात तर दुखणं सोसून राबणाऱ्या बाईची नोंदच पुसली जाते. मला याचं फार वाटतं, म्हणून इतकं सांगते.

घरातल्यांना मधे बोलू देऊ नका. सून म्हणते ९, मुलगा म्हणतो "काय नाही, नाटक", आणि आक्का गप्प. "आक्कांनाच सांगू दे" असं गोडीने म्हणायचं आणि थांबायचं.

ऑस्वेस्ट्री हे कंबरदुखीचं प्रश्नपत्रक १९८० चं. दहा भाग, प्रत्येकी ० ते ५, मग एकूण गुणांना ५० ने भागून टक्के काढायचे. त्यात एक भाग नवरा-बायकोच्या संबंधांचा आहे. तो सासूसमोर वाचायचा नाही, आणि उत्तर नको असेल तर आग्रह नाही. मग भागाकार ५० ने न करता ४५ ने करायचा. १८ गुण आले तर ४५ मध्ये ४० टक्के. कोऱ्या जागी ० धरून ५० ने भागलंत तर ३६, म्हणजे रुग्ण कागदावर उगाच बरा झाला. कोरं आणि शून्य एक नव्हे. संगणकात कोऱ्याला वेगळा कोड द्या. पीएचक्यू-९ हे नैराश्याचं प्रश्नपत्रक वापरत असाल तर त्याचा नववा प्रश्न जीव देण्याच्या विचाराचा असतो. तो एकांतात विचारा आणि उत्तर होकारार्थी आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

भाषांतर स्वतः बसून करू नका. मराठी प्रत आधीच तपासलेली आहे का बघा, परवानगी घ्या. वोमॅक या गुडघा-खुब्याच्या सांधेदुखीच्या प्रश्नपत्रकासारख्या काहींना परवाना लागतो. प्रत नसेल तर रीत ठरलेली आहे: दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, ते जुळवायचं, मूळ न पाहिलेल्या दोघांनी उलट भाषांतर करायचं, तज्ज्ञांनी बसून एक मसुदा पक्का करायचा, मग ३० ते ४० रुग्णांवर वापरून बघायचं. ही माणसं इथलीच हवीत. शहरी मराठीतला 'जीवनाचा आनंद' इथे वाचला की "कसला आनंद, बाई?" असं येतं. पुण्याला 'ठणका' म्हटलेलं इथे 'ठुसठुस' होतं का, 'कळ' आणि 'चमक' यांत फरक करतात का, ते त्यांच्याच तोंडून ऐका.

आपल्याकडे आणखी एक घोळ असतो. घरात मराठी, शाळा कन्नडमधून. काहींना मराठी नीट बोलता येतं पण वाचायला कन्नडच सोपं जातं. म्हणून पहिल्याच ओळीत भाषेचा कोड ठेवा, १ मराठी, २ कन्नड, आणि कोणी वाचलं तेही लिहा: रुग्णाने की तुम्ही. पुढची भेट त्याच भाषेत, त्याच पद्धतीने. तारीखही नीट घाला. ऊसतोडीच्या दिवसांत घेतलेली कंबर आणि पावसाळ्यात बांधावर बसलेली कंबर एकच नसते.