गळा, माईक आणि खोली

फोंड्यात बारा वर्षं ख्याल शिकल्यावर मी आवाजाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांसोबत गायला लागले. बंदिश नाही, ठेका नाही. समोर जोडीदार नॉब धरून बसलेला आणि पुढे काय होणार हे दोघांनाही ठाऊक नाही. नव्याने येणारे आधी विचारतात, "कुठलं यंत्र घेऊ?" महिनाभर काही घेऊ नका.

दोन मोबाइल आणि एक स्पीकर पुरे. मोबाइलमधली आवाज साफ करणारी सोय बंद करा. खोलीत एक वाक्य बोलून रेकॉर्ड करा, ते त्याच खोलीत स्पीकरवर लावा, दुसऱ्या मोबाइलवर पुन्हा रेकॉर्ड करा, मग ते लावा, असं करत राहा. अमेरिकी संगीतकार अल्विन लुसिए यांनी १९६९ मध्ये हेच केलं. शब्द विरघळत जातात आणि शेवटी खोलीचा स्वर उरतो. आजीच्या घरी, मंगलोरी कौलांखाली, मला तो नीट सापडेना. सिमेंटच्या न्हाणीत काही फेऱ्यांतच घुमायला लागला. १९६९ मध्येच अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा (विजेवर स्वर घडवणाऱ्या वाद्याचा) स्टुडिओ उभा राहिला होता. तेव्हा हे आपल्याकडचं नव्हे, असं घरी कुणी म्हणालं तर सांगता येईल.

मग एक डायनॅमिक माईक (वेगळी वीज न लागणारा, दणकट), एक डिले (आवाज थोड्या वेळाने परत ऐकवणारा), एक लूपर (गायलेला तुकडा फिरून फिरून वाजवणारा) घ्या. नाजूक कंडेन्सर माईकला सहसा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माईकच्याच तारेतून दिलेली वीज, लागतो आणि आपला पावसाळा त्याला मानवत नाही. तरी घेतलाच, तर सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. लॅपटॉप असेल तर प्युअर डेटा हे आवाज घडवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

ख्यालवाल्यांना लूपर जड जातो, कारण आपल्याला जागा भरायची सवय असते. मी हौसेने तान टाकली; तिसऱ्या फेरीला ती नकोशी झाली. लूपमध्ये श्वास टाका, मिटल्या ओठांचा 'म' टाका. तानेला वरती मोकळं ठेवा.

पहिल्या बैठकीत जुन्या घराच्या खराब अर्थिंगमुळे अॅम्प्लिफायर घूं करत होता. जोडीदार तो बंद करणार, तेवढ्यात मी षड्ज लावला, काळी चार, म्हणजे साधारण २०८ हर्ट्झ. आपली वीज ५० हर्ट्झची. घूंमध्ये १००, १५०, २०० हेही स्वर असतात. २०० आणि २०८ एकमेकांवर आदळून हवेत थरथर उठली, सेकंदाला आठेक ठोके. मी षड्ज हळूहळू खाली सरकवत नेला. ठोके मंदावले, मोजता येऊ लागले, आणि थांबले. माझा आवाज कुठे संपतो हे मलाच कळेना. जोडीदार वयाने मोठे, हळूच म्हणाले, "बाय, तसाच धर," आणि त्यांनी डिले उघडला.

मात्र अशा खराब अर्थिंगमध्ये माईकला ओठ लागून झटका बसला, तर त्या क्षणी गाणं थांबवा आणि वायरमनला बोलवा. तो दिवस मी थोडक्यात निभावला. तुम्ही तसं करू नका.

पैशांचं म्हणाल तर मी अजून शिकवण्या घेते. खर्जाचा रियाज पहाटे चालूच आहे. तो सुटला की यंत्राला द्यायला गळ्यात काही उरत नाही.

सुरुवातीच्या दहा बैठकांना श्रोते बोलावू नका. प्रत्येक बैठक रेकॉर्ड करा, पण ऐका दुसऱ्या दिवशी. त्याच रात्री ऐकलंत, तर गाताना जे वाटलं तेच पुन्हा ऐकू येतं.