खाणीत सुरुंग उडवताना या चुका टाळा

नाशिकच्या आसपासच्या खडी खाणींत बार फसला, दगड लांब उडाले किंवा कड्याच्या तळाशी न फुटलेला दगड शिल्लक राहिला, की 'माल (म्हणजे स्फोटक) कमी पडला' किंवा 'माल जास्त झाला' हे निदान लगेच तयार असते. मालाचे प्रमाण चुकत नाही असे नाही. परंतु माझ्या पाहण्यातले बहुतेक बिघाड स्फोटकांची गाडी खाणीवर पोहोचण्याआधीच झालेले होते. कड्याची मापे घेतलेली नसतात, भोके तिरकी गेलेली असतात आणि ड्रिलवाला जे सांगत असतो ते लिहून घ्यायला कोणाला सवड नसते.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे पहिल्या रांगेचे बर्डन फक्त वरून मोजणे. बर्डन म्हणजे भोक आणि मोकळा कडा यांच्यामधल्या दगडाची जाडी. कड्याच्या माथ्यावर टेप धरून अडीच मीटर आले, म्हणजे खालपर्यंत अडीच मीटरच आहे असे धरून चालणारे लोक मला दर हंगामात भेटतात. कडा कधीच भिंतीसारखा सरळ नसतो. मागच्या बाराने तो कुठे फुगलेला असतो, कुठे खाल्लेला असतो, आणि पोकलेनवाल्याने खालून सुटा दगड ओढताना पोटात खळगा पाडलेला असतो तो वरून दिसतही नाही.

दिंडोरी तालुक्यातल्या एका खाणीत नेमके हेच झाले. काम पाहणारा मुलगा हुशार होता, प्रमाणपत्र ताजे होते, आणि मालकाला संध्याकाळपर्यंत क्रशरला दगड हवा होता. वरून मापे घेतली, भोके ठरलेल्या आराखड्याप्रमाणे भरली आणि बार उडवला. पहिल्या रांगेतले एक भोक कड्याच्या पोटातून फुटले आणि तिथला दगड समोर पडण्याऐवजी थेट शेजारच्या द्राक्षबागेत गेला. बागेत खरड छाटणी चालू होती. बायका जेवायला लांबच्या बांधावर बसल्या होत्या, म्हणून गोष्ट मांडवाच्या तुटलेल्या तारांवर आणि चेपलेल्या ठिबकच्या नळ्यांवर निभावली. दुसऱ्या दिवशी मला पाहायला बोलावले तेव्हा सगळे एकच विचारत होते, 'माल किती भरला होता?' माल आराखड्याबरहुकूमच होता. मात्र शेजारच्या शाबूत कड्यावर पोकलेनच्या दातांचे ओरखडे स्पष्ट होते, आणि त्या पट्ट्यात मध्यावर दगडाची जाडी जेमतेम मीटरभर उरलेली होती. अडीच मीटर दगड फोडायला भरलेला माल मीटरभर दगडावर सुटला, तर तो दगड कुठे जाणार?

यावर माझी सवय अगदी साधी आहे. लांब वेळूच्या टोकाला ओळंबा बांधायचा, कमरेला पट्टा आणि दोर लावून वेळू कड्याबाहेर धरायचा, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाकडून प्रत्येक मीटरला कडा ओळंब्यापासून किती आत किंवा बाहेर आहे ते लिहून घ्यायचे. अर्थात, खाली माणूस उभा करण्याआधी कड्यावरचे सुटे दगड पाडून घेतलेले असावेत आणि त्याने कड्याला चिकटून उभे राहू नये. पहिल्या रांगेच्या प्रत्येक भोकासाठी हे करावे लागते आणि नवशिक्यांना त्याचा कंटाळा येतो. जिथे पोट खाल्लेले आढळेल, तिथे त्या उंचीवर माल न भरता खडीचा थर द्यावा. शंका उरली तर मी ते भोक रिकामेच सोडतो. मालक कुरकुरतो, कुरकुरू द्यावे.

दुसरी चूक खडकाच्या बाबतीतली आहे. आपला काळा पाषाण बाहेरून एकसंध वाटतो, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो झालेला आहे. दोन थरांच्या मध्ये कुठे तांबडी, गेरूसारखी माती सापडते, कुठे छिद्रांचा मऊ मांजऱ्या लागतो. स्फोटाचा वायू नेहमी सोपी वाट शोधतो. मऊ पट्टीसमोर माल आला की कठीण दगड तसाच राहतो आणि त्या पट्टीतून दगड उडतात. ही पट्टी ड्रिलवाल्याला सर्वांत आधी कळते. भुकटी राखाडीची तांबडी होते, रॉड एकदम झपाट्याने उतरू लागतो, कधी भोकातून हवाच परत येत नाही. मी त्याच्या हातात वही देतो आणि किती मीटरवर रंग बदलला एवढेच लिहायला सांगतो. ज्या खाणीत ड्रिलवाला आणि ब्लास्टर (भोके भरून बार उडवणारा) यांची गाठ फक्त हजेरीच्या वेळी पडते, तिथल्या आराखड्यावर माझा विश्वास नाही.

स्टेमिंगमध्ये, म्हणजे मालावर भोकाचे तोंड बंद करणाऱ्या भरावात, ड्रिलची भुकटी ढकलणे हा आळस आहे, दुसरे काही नाही. भोकाच्या तोंडाशी साचलेली भुकटी पायाने लोटली की काम झाले असे वाटते, परंतु ती वायूला अडवत नाही. ओल्या भोकात तर तिचा चिखल होतो. मग बंदुकीच्या नळीतून छरे सुटावेत तसे तोंडाचे दगड वर उडतात, आवाज गावभर जातो आणि खालचा दगड नीट फुटत नाही. टोकदार, धुतलेली खडी एकमेकांत अडकून बसते; ११५ मिलिमीटरच्या भोकाला साधारण १० ते १२ मिलिमीटरची खडी चालते, आणि स्टेमिंगची लांबी बर्डनच्या ०.७ पटीखाली मी जाऊ देत नाही. खडीच्या खाणीतच खडी मिळत नाही असे सांगणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. प्रत्येक बाराचे सुरक्षित अंतरावरून मोबाईलने चित्रीकरण करून संथ गतीने पाहिले, तर कोणत्या भोकाने तोंडातून फुंकले ते लगेच दिसते.

जुन्या सॉकेटमध्ये (मागच्या बारानंतर उरलेल्या भोकाच्या बुडात) किंवा त्याला चिकटून नवे भोक मारू नये. आत न फुटलेला माल असू शकतो, आणि याला कोणताही अपवाद नाही.

भरण्याआधी प्रत्येक भोकाची खोली टेपने पुन्हा मोजावी. पाणी असलेल्या भोकात एएनएफओ (अमोनियम नायट्रेट आणि डिझेल यांचे दाणेदार स्फोटक) ओतू नये. ते पाण्यात विरघळते, बार अर्धवट होतो आणि नारिंगी धूर निघतो.

माल पेटवणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक डिटोनेटरवर देशात १ एप्रिल २०२५ पासून बंदी आहे, तरी कोणाच्या तरी कोठारात जुना साठा असल्याचे अजून ऐकू येते. 'संपवून टाकू' हे त्यावरचे उत्तर नव्हे. नोनेल (विजेच्या तारेऐवजी प्लास्टिकच्या नळीतून स्फोटाचा इशारा नेणारा डिटोनेटर) आल्यामुळे भटक्या विजेची भीती गेली, पण आकाशातल्या विजेची गेलेली नाही. मे महिन्यात वळवाचे ढग दुपारनंतर जमतात, म्हणून त्या दिवसांत माझी भरणी सकाळीच संपते. गडगडाट ऐकू आला की भरलेली भोके तशीच सोडून सर्वांनी लांब जायचे.

हादऱ्यांच्या तक्रारी आल्या की एकूण माल निम्मा करतात, आणि तरीही मळ्यातल्या घराच्या खिडक्या थरथरतातच. हादरा प्रामुख्याने एका डिलेला, म्हणजे एकाच क्षणी, किती माल फुटतो आणि घर किती अंतरावर आहे यावर ठरतो. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांसाठी ८ हर्ट्झखाली ५, ८ ते २५ हर्ट्झमध्ये १० आणि त्यापुढे १५ मिलिमीटर प्रतिसेकंद अशी जमिनीच्या हादऱ्याच्या वेगाची मर्यादा दिली आहे. हादरे मोजण्याचे यंत्र सर्वांत जवळच्या घरापाशी ठेवावे. खाणीच्या कार्यालयात ठेवलेल्या यंत्राची नोंद शेतकऱ्यासमोर काही कामाची नसते.

राहता राहिला बारानंतरचा उतावळेपणा. धूर निवळण्याआधी पोकलेन सुरू करून उभा राहिलेला चालक मी अनेक खाणींत पाहिला आहे. आधी एकट्या ब्लास्टरने जावे, रांगेप्रमाणे प्रत्येक भोकाची जागा पाहावी आणि मगच सर्व सुरक्षित असल्याचा भोंगा वाजवावा; तोपर्यंत पायवाटांवरचे लाल झेंडेवाले जागचे हलू नयेत. ढिगातून नोनेलची नळी बाहेर आलेली दिसली तर ती ओढू नये, तिथले काम थांबवावे, दगडावर चुन्याने खूण करून आसपासचा भाग दोरीने बंद करावा आणि मिसफायर (न फुटलेला माल) निकाली काढण्याचा अधिकार असलेल्या माणसालाच बोलवावे. पाळी बदलण्यापूर्वी निकाल लागला नाही, तर भोकाचा क्रमांक, त्याची जागा आणि उरलेला माल नोंदवहीत लिहून पुढच्या पाळीच्या ब्लास्टरला ती जागा प्रत्यक्ष दाखवावी आणि त्याची सही घ्यावी.