एकाच फायरफॉक्समध्ये घरच्या आणि ऑफिसच्या सेटिंग्ज वेगळ्या कशा ठेवाव्यात

दोन वेगळ्या सेटिंग्जसाठी फायरफॉक्स दोनदा इन्स्टॉल करावा लागत नाही. पासवर्ड, बुकमार्क, ॲड-ऑन, आवडीनिवडी हे सगळं प्रोग्रॅमच्या फोल्डरबाहेर, ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरात असतं. अशी प्रोफाइलं हवी तितकी करता येतात. पुढच्या पायऱ्या विंडोजसाठी आहेत.

१. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत ‘अबाउट:प्रोफाइल्स’ टाइप करा. ‘क्रिएट अ न्यू प्रोफाइल’ दाबून एका शब्दाचं नाव द्या, उदाहरणार्थ ‘ऑफिस’. मग डिफॉल्ट, म्हणजे आपोआप उघडणारं प्रोफाइल कोणतं आहे ते पाहा. खूण नव्या प्रोफाइलवर सरकली असेल तर जुन्याखालचं ‘सेट ॲज डिफॉल्ट प्रोफाइल’ दाबा.

२. डेस्कटॉपवरच्या फायरफॉक्सच्या शॉर्टकटची कॉपी करा. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’च्या चौकटीत अगदी शेवटी जा. अवतरण चिन्ह संपल्यावर एक स्पेस, हायफन आणि त्याला चिकटून कॅपिटल पी, पुन्हा स्पेस, मग प्रोफाइलचं नाव. हे अवतरण चिन्हाच्या आत गेलं तर विंडोज टार्गेट चुकीचं असल्याचं सांगतं. प्रोफाइलचं नाव चुकलं तर प्रोफाइल निवडायची खिडकी उघडते.

३. दोन्हींना वेगळ्या रंगाची थीम लावाच. नाहीतर ऑफिसचा पासवर्ड घरच्या प्रोफाइलमध्ये सेव्ह व्हायला वेळ लागत नाही.

४. आता खरं काम: काही सेटिंग्ज दोन्ही प्रोफाइलमध्ये सारख्या ठेवायच्या. सेटिंग्ज ‘प्रेफ्स.जेएस’ या फाइलमध्ये असतात. ‘अबाउट:प्रोफाइल्स’मध्ये ‘रूट डिरेक्टरी’समोरचं ‘ओपन फोल्डर’ दाबलं की ती सापडते. फायरफॉक्स चालू असताना ती बदलू नका. बंद होताना तो ती नव्याने लिहितो आणि तुमचा बदल पुसला जातो. एका प्रोफाइलची अख्खी फाइल दुसऱ्यात टाकणंही टाळा. तिच्यात डाउनलोडच्या फोल्डरचा पत्ता, ॲड-ऑनचे अंतर्गत क्रमांक असं त्या प्रोफाइलपुरतं बरंच काही असतं.

त्याऐवजी नोटपॅडमध्ये इंग्रजीत ‘यूजर.जेएस’ नावाची फाइल करा. दोन्हीकडे सारख्या हव्या असलेल्या तेवढ्याच ओळी ‘प्रेफ्स.जेएस’मधून तिच्यात उचला आणि ती दोन्ही प्रोफाइलच्या फोल्डरांत ठेवा. सेव्ह करताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर नोटपॅड नावामागे ‘.टीएक्सटी’ लावतो आणि फायरफॉक्स फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. ही फाइल दर वेळी सुरू होताना वाचली जाते, त्यामुळे तिच्यातली सेटिंग मेन्यूतून बदलली तरी पुढच्या वेळी परत येते. उलट, तिच्यातून ओळ काढली तरी ती सेटिंग ‘प्रेफ्स.जेएस’मध्ये राहतेच, ती ॲड्रेस बारमधून ‘अबाउट:कॉन्फिग’ या सेटिंग्जच्या यादीत जाऊन रीसेट करावी लागते.

‘फायरफॉक्स आधीच चालू आहे’ असा संदेश आला तर टास्क मॅनेजरमध्ये अडकलेली प्रोसेस बंद करा. एक प्रोफाइल एका वेळी एकाच प्रोसेसला वापरता येतं. तसंच, नव्या आवृत्तीत उघडलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायला गेलात तर २०१९ च्या ६७व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स अडवतो.

प्रोफाइल काढताना ‘डिलीट फाइल्स’ निवडलं तर अख्खा फोल्डर जातो. प्रोफाइल करताना ‘चूज फोल्डर’मधून तुमच्याच फायलींचा फोल्डर निवडला असेल, तर त्या फायलीही त्याच्याबरोबर जातात.