तणमोर वावरात उतरतो तेव्हा: या चुका टाळा

पावसाळा लागला की वाशीम-अकोल्याकडच्या बरड माळांवर तणमोर हा गवतात राहणारा पक्षी येतो. माळच उरला नसेल तर तो जवळच्या मूग-उडदात किंवा सोयाबीनमध्ये उतरतो. काळा नर पिकातून दीड-दोन मीटर उंच उडी घेतो, बेडकासारखा टर्र आवाज करतो आणि पुन्हा पिकात गडप होतो. मादीचं लक्ष वेधायला तो दिवसात शेकडो उड्या मारतो. २०२१ पासून हा पक्षी जागतिक लाल यादीत, म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेल्या जीवांच्या यादीत, अतिसंकटग्रस्त आहे. त्याचा मोठा भाऊबंद माळढोक २०११ पासूनच त्या वर्गात आहे आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा-भद्रावतीकडे तर तो जवळजवळ दिसेनासा झाला. तणमोराची वीण होते नेमकी आपल्या खरिपात, म्हणून त्याचं जगणं-मरणं बरंचसं आपल्या हातात आहे.

पहिली चूक म्हणजे त्याला पिकाचा वैरी समजून हाकलणं. कोवळे कोंब आणि बिया तो थोड्याफार खातो, पण त्याचं मुख्य खाणं नाकतोडे, भुंगेरे, अळ्या, बारीक बेडूक आणि सरडे. पिल्लं तर सुरुवातीला किड्यांवरच वाढतात.

म्हणूनच सगळ्यात महागात पडते ती तारीख पाहून केलेली फवारणी. शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारायचं, दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवायची, हे गावोगाव चालतं. विष पोटात गेलेला नाकतोडा सुस्त होतो, सहज सापडतो आणि पक्षी तोच आधी टिपतो. अर्जेंटिनात १९९५-९६ च्या सुमारास मोनोक्रोटोफॉस फवारलेल्या शेतांतले टोळ खाऊन हजारो स्थलांतरित ससाणे मेले. माणसंही यातून सुटत नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. आधी वावरात फिरून अळ्या मोजा. सोयाबीनच्या एक मीटर ओळीत साधारण तीन-चार अळ्या दिसल्याशिवाय पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी रासायनिक औषध काढू नका. तोवर कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) आणि पाच टक्के निंबोळी अर्कावर निभावतं. मारावंच लागलं तर एकच औषध, लेबलवर लिहिलेल्या मात्रेत. आणि धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, दोन-चार ओळी सोडून द्या.

धुऱ्यालाही तणनाशक मारून तो चकाचक करण्याची सवय अलीकडची. धुऱ्यावरचं गवत हेच किड्यांचं घर आणि पिल्लांची लपण. उन्हाळ्यात धुरा पेटवला तर त्या दिवसांत जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवी आणि चंडोलाचीही घरटी जळतात. काही पट्टे सोडूनच साफसफाई करा.

पेरणीच्या वेळी तिफण किंवा ट्रॅक्टर वळतो त्या कोपऱ्यात बीजप्रक्रिया केलेलं बियाणं सांडतं. ते मातीआड करा. उघडे दिसणारे दाणे पाखरं टिपतात आणि त्यावर औषध असतं.

मूग-उडीद ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात निघतो, आणि तणमोराची मादी तेव्हा अंड्यांवर असू शकते. अंडी तीन-चार, उबवण साधारण तीन आठवडे, तीही एकट्या मादीची. माणूस अगदी जवळ येईपर्यंत ती उठत नाही. कडेकडून आत सोंगत गेलात तर मादी आणि पिल्लं मधल्या उरलेल्या पिकात कोंडली जातात. मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने या, म्हणजे त्यांना पळायला वाट राहते. हार्वेस्टर असेल तर दिवसाच चालवा, आणि त्याच्यापुढे एक माणूस चालता ठेवा. कुत्री वावरात सोडू नका.

आणखी एक चूक चांगल्या हेतूने होते, ती म्हणजे गावच्या ई-क्लास (चराईच्या सरकारी) जमिनीवर खड्डे खणून झाडं लावणं. उघडा गवताळ माळ पडीक वाटतो, पण तणमोराला तोच लागतो. झाडी वाढली की तो तिथे फिरकत नाही. झाडं लावायला गावात रस्त्याच्या कडा आहेत, शाळेचं आवार आहे. पिढ्यान् पिढ्या या पक्ष्याची पारख असलेल्या फासेपारधी समाजातल्या काहींनी अकोला-वाशीमच्या गवताळ माळांची राखण हाती घेतली आहे. तुमच्या गावाजवळ असे कोणी असतील तर ग्रामसभेत त्यांचं म्हणणं जरूर ऐका.

घरटं सापडलं तर अंड्यांना हात लावू नका, मोबाईल घेऊन वाकूनही बसू नका. भोवतीचं दहा-पंधरा पावलं पीक उभं ठेवा आणि वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जागेचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका.